पौनीकर काकांचं सर्क्युलर

पौनीकर काकांनी नोकरीच्या उभ्या काळात एकही निर्णय घेतला नाही, आणि ही गोष्ट ते छाती पुढे काढून सांगतात. "मॅडम, माझ्या सहीनं आजपर्यंत कोणाचं वाईट झालं नाही," असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. चांगलंही झालं नाही. एका सरकारी कचेरीत ते कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांच्या टेबलावर आलेला प्रत्येक कागद 'आदेशार्थ सादर' असा शेरा घेऊन वरच्या टेबलावर गेला. वरच्या साहेबांनी चिडून तो खाली पाठवला, की काका त्यावर 'पुनश्च आदेशार्थ सादर' लिहून पुन्हा वर पाठवत. साहेब थकत, बदली करून घेत, नवे साहेब येत.

आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्यांचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये चपलांचा एक स्टँड आहे, एवढंच काय ते मला संरक्षण.

शोभाताई, म्हणजे काकांची बायको, होत्या तोवर आदेश घरातच निघत. खाली भाजीवाला ओरडला की काका गॅलरीतून आत मान वळवून विचारत, "मेथी का पालक?" आतून आदेश येई. कोणता शर्ट घालायचा, कोणाच्या लग्नाला जायचं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या यंदा बदलायच्या की मागच्याच चालवायच्या, सगळं आत विचारून. शोभाताई पोळ्या लाटता लाटता निकाल देत आणि काका लगेच अंमलबजावणीला लागत. संसार छान चालला होता. मग गेल्याच्या गेल्या वर्षी शोभाताई अचानक गेल्या. काकांचे कागद थोडे दिवस घरातच तुंबले, आणि मग समोरच्या दारी यायला लागले. म्हणजे माझ्याकडे.

मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना हे बरोबर, ते चूक असं सांगून घरी आलं की मला कोणालाही काहीही सांगायचं नसतं. गुडघे दुखत असतात, चहा आधणावर असतो आणि बेल वाजते. दारात काका, दोन्ही हातांत एकेक वांगं.

"मॅडम, भरताले कोणतं?"

"दोन्ही भरताचीच आहेत काका."

"ते बरोबर हाय. पण आज कोणतं?"

मी एकाकडे बोट दाखवते. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा येतात. "त्या वांग्यात अळी निघाली मॅडम." तक्रार नसते ती. झालेल्या कार्यवाहीचा अहवाल असतो. माझा नवरा अशा वेळी न चुकता बाथरूममध्ये जातो.

एकदा तर मी वर्गात असताना काकांचा फोन आला. मला वाटलं पडले-बिडले की काय, म्हणून मी फळ्याशी उभी राहूनच घेतला. काका न्हाव्याच्या खुर्चीतून बोलत होते. "मॅडम, हा म्हणून राहिला मिशी काढून पाहा. काढू का ठेवू?" मागे वर्ग खिदळत होता. मी वैतागून "काढा" म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी जिन्यात काका भेटले तेव्हा मी ओळखलंच नाही. ती मिशी त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनची होती. ती पुन्हा उगवेपर्यंत मी खाली मान घालून जिना चढले.

काकांना एकच मुलगी. प्रणाली पुण्यात असते, कॉम्प्युटरवरची नोकरी करते. दिवसभर पडद्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, मागच्या दिवाळीपासून ती सुट्टीच्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकायला जायला लागली. तिनं बनवलेल्या पहिल्या स्टुलाचा फोटो काकांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर 'सर्वांच्या अवलोकनार्थ' असं लिहून टाकला. स्टुलाचा एक पाय दुसऱ्या पायांशी पटत नसल्यासारखा बाहेर गेला होता. तरीही सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला, कारण नाही दिला तर काका कारण विचारायला आले असते.

एप्रिल संपता संपता, दुपारी पेपर तपासत बसले होते तेव्हा बेल वाजली. काका घामाघूम, पण चेहरा खुललेला.

"मॅडम, प्रणालीचा फोन होता. वाढदिवसाले काय पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणे, बाबा, मले सर्क्युलर पाहिजे."

"सर्क्युलर?"

"होय ना! आता बोला! बापाच्या लाइनीत आली पोरगी शेवटी."

कोणत्याही सरकारी माणसाला विचारा, सर्क्युलर म्हणजे परिपत्रक. काकांना तर दुसरा अर्थ असू शकतो हे स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पोरीला कुठलं परिपत्रक लागत असेल, कुठल्या विषयाचं, कुठल्या संदर्भाचं, हे तिला उलट विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते जुन्या कचेरीत गेले. तिथं त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता खुर्च्यांवर होती. त्यांनी रसवंतीचा रस पाजला आणि शोधाशोध करून महिला कर्मचाऱ्यांच्या रजांबद्दलचं एक परिपत्रक काढून दिलं. काकांनी त्याचा फोटो काढून पुण्याला पाठवला. वर लिहिलं, 'तुझ्या मागणीनुसार. पोच द्यावी.'

पोच आली ती फोनवर. प्रणाली आधी खूप हसली, मग म्हणाली, "बाबा, सर्क्युलर सॉ. लाकूड कापायची करवत, विजेवरची. गोल पातं असतं ती."

हे मला काकांनीच येऊन सांगितलं, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून. पण त्यांना हसू येत नव्हतं. ते माझ्या पेपरांचा गठ्ठा उगाच सरळ करायला लागले.

"मॅडम, अजून एक म्हणाली ती. म्हणे, कोणती घ्यायची ते तुम्हीच ठरवायचं. दुकानदारानं दिली ती उचलायची नाही, अन् समोरच्या काकूंना विचारायचं नाही. म्हणे, तुम्ही घेतलेली पाहिजे."

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. एका कामातून सुटका झाली म्हणून. पण काका उठले नाहीत.

"लहान होती तेव्हा विचारायची ना मले. बाबा, सहलीले जाऊ का? मी म्हणो, आईले विचार. बाबा, सायन्स घेऊ का? आईले विचार. बाबा, पुण्याले नोकरी लागली, जाऊ का? आईले विचार. मंग विचारणंच बंद केलं तिनं. फोन केला का आईशीच बोले. आता आई नाही, तर आमचं बोलणं काय, जेवली का, हो जेवली, ठेवतो, हो ठेवा." काकांनी रुमालानं मान पुसली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागितलं मॅडम तिनं मले काही. अन् तेबी असं मागितलं का मी चुकणारच."

त्यानंतरचे दिवस आमच्या मजल्याला जड गेले. काका मोबाइलवर करवतींचे व्हिडिओ पाहायला लागले, आणि त्यांना आवाज कमी करता येत नाही. सकाळपासून त्यांच्या घरातून लाकडं चिरल्याचा आवाज येई. माझ्या सासूबाईंना वाटलं, समोर फर्निचरचं काम निघालंय. त्यात कुठल्या तरी व्हिडिओत काकांनी एक अपघात पाहिला, आणि त्यांच्या चौकशांचा सूर बदलला. जिन्यात गाठून मला विचारत, "मॅडम, तुटलेलं बोट किती वेळात न्यायला लागते डॉक्टरकडे?" मी म्हटलं, मी गणिताची आहे. तर म्हणे, म्हणूनच विचारून राहिलो.

शेवटी एका रविवारी सकाळी ते आवरून माझ्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "मॅडम, लकडगंजच्या बाजारात चला माझ्यासंगं. तुम्हाले विचारणार नाही काही. सल्लागार म्हणून नका येऊ, साक्षीदार म्हणून या." माझा एकुलता एक रविवार होता तो. मी नवऱ्याकडे पाहिलं. बाथरूमचं दार बंद झालेलं होतं.

तोंडाला दुपट्टा बांधून मी गाडी काढली. काका मागे बसले आणि प्रत्येक चौकात "सरळ का डावीकडे?" असं विचारत राहिले. रस्ता मला माहीत होता, गाडी मी चालवत होते, तरी मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. वाद घालण्यापेक्षा उत्तर देणं सोपं पडतं, हे मी आता शिकले आहे.

दुकानात वर पंखा होता आणि त्याच्याखाली शेठ होता, त्यामुळे वारा सगळा त्यालाच लागत होता.

"शौकसाठी पाहिजे का धंद्यासाठी?" शेठनं विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"शिकून राहिली. पोरगी हाय माझी," काका म्हणाले.

शेठनं पहिल्यांदा एक कटर काढला. "कारपेंटर लोक हाच नेतात. हाय फरशी कापायचा, पण लाकडाचं पातं लावलं का लाकूड कापते. सस्ता अन् मजबूत." पात्यावर झाकण जवळपास नव्हतंच. काकांचा चेहरा उतरला. "हे सध्या प्रलंबित ठेवा," ते म्हणाले. शेठला प्रलंबित कळलं नाही, पण त्यानं कटर बाजूला सारला. मग एक निळी करवत आली, एक हिरवी आली, एक बॅटरीवरची आली. शेवटी एक लाल आली. ती भलतीच दांडगी होती आणि शेठनं ती लावून दाखवल्यावर शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. काकांनी प्रत्येकीचे गुणदोष विचारले. मग मागच्या करवतीचे गुणदोष पुन्हा विचारले. शेठनं चहा मागवला, आला, प्याला, कप परत गेले. काका खाली वाकून पाती बघत होते, वायरी हातावर तोलत होते, आणि निर्णय कुठल्याही बाजूनं येताना दिसत नव्हता.

माझ्या गुडघ्यांनी आता उघड बोलायला सुरुवात केली होती. घरी सासूबाईंचं जेवण व्हायचं होतं.

"काका, लाल घेऊन टाका," शेठ म्हणाला.

"काका, लालच घ्या," मीही म्हणाले. साक्षीदारानं बोलायचं नसतं हे मला कळत होतं, पण मला घरी जायचं होतं. "चांगली आहे. पुढे मोठ्या कामालाही होईल."

आता काकांचा चेहरा मोकळा होणार, ते 'मॅडम म्हणतात तर' असं म्हणून खिशात हात घालणार, याची मला इतकी खात्री होती की मी गाडीची किल्ली काढून हातात धरली.

काकांनी लाल करवत उचलली. डाव्या हातानं.

"काका, उलटी पकडली. उजव्या हातात घ्या," शेठ म्हणाला.

"नाही, तिच्या हातानं धरून पाहून राहिलो." ते करवत तशीच धरून उभे होते. अशा करवतीच्या मुठीत एक खटका असतो. नुसता तो दाबून पातं फिरत नाही. आधी मुठीच्या बाजूचं एक बारीक बटण अंगठ्यानं आत ढकलावं लागतं, चुकून सुरू होऊ नये म्हणून. काकांचा डावा अंगठा ते बटण शोधत होता, आणि बटण होतं पलीकडच्या बाजूला. बोटं वाकवून त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "पाहा, पकड सोडल्याशिवाय बटण दाबलंच जात नाही."

"पण काका, प्रणाली उजव्या हातानं लिहिते," मी म्हटलं. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला पाहत आले आहे.

"लिहिते. जेवतेबी. माझ्या आईनं मारून मारून बदलला तिचा हात. घरात डाव्या हातानं काही केलं का आई ताट ओढून घे. शोभाले वाटे, सुटली सवय. सगळ्यांले वाटे." काका करवतीकडेच बघत बोलत होते. "पण दार लोटून बसली ना, का कैची डाव्या हातात. सुई डाव्या हातात. पेन्सिलीले टोक कराची तर पातं डाव्या हातात. मी दारावरून जायचो, दिसायची. मी कधी बोललो नाही मॅडम कोणाले. बोललो असतो तर विषय झाला असता, मंग आईनं तेबी बंद केलं असतं. मी आपला खोकत जायचो, का तिले कळावं कोणीतरी येऊन राहिलं."

इतकी वर्षं समोर राहून मला हा माणूस फक्त वांग्यांपुरता माहीत होता, याची मला लाज वाटली.

"लिहिताना चालते उजवा हात," काका म्हणाले. "पण मशीन अंगावर आली, भीती वाटली, का माणूस आपल्या खऱ्या हातानंच धरते. शेठ, दोन्ही बाजूनं बटण असलेली नाही का एखादी?"

शेठ आत गेला. बराच वेळ खोके सरकल्याचे आवाज आले. मग तो एक छोटी, काळपट करवत घेऊन बाहेर आला. "ही हाय. जास्त चालत नाही, म्हणून मागं पडली. ताकद कमी हाय, आधीच सांगतो." काकांनी ती डाव्या हातात घेतली. अंगठा अलगद बटणावर गेला. उजव्या हातात घेतली, तिथंही गेला. पुन्हा डाव्या हातात घेतली आणि डोळे मिटून एकदा दाबून पाहिलं.

"हीच."

"काका, लाल जास्त—" शेठनं पुन्हा सुरू केलं.

"नाही शेठ. हीच द्या. बांधा."

शेठनं बिल माझ्याकडे सरकवलं होतं, ते काकांनी ओढून घेतलं. बाहेर आल्यावर मी त्यांना झाडाखालच्या रसवंतीवर बसवलं. ग्लास दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "मॅडम, चुकलो असलो तर?" मी म्हटलं, माहीत नाही काका. तेवढ्यापुरतं ते उत्तर त्यांना चाललं.

करवत पुण्याला गेली. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी मी जरा पाठ टेकली होती, तर प्रणालीचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर आहे, पण तो बाबांची तब्येत बिघडली तर म्हणून. त्यामुळे मी दचकूनच उठले.

"काकू, खरं सांगा हं," ती म्हणाली. "करवत तुम्ही निवडली ना?"

"नाही. मी तर लाल घ्या म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही माझं."

"मग दुकानदारानं दिली असेल."

"त्यालाही लालच खपवायची होती. तुझ्या बाबांनी निवडली, प्रणाली. मी तिथंच होते. दोन्ही बाजूला बटण पाहिजे म्हणून अडून बसले ते."

पलीकडून करवत खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काकू, हे आईला पण माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी इथं वर्कशॉपमध्येसुद्धा कोणी बघत नसेल तेव्हाच डाव्या हातानं काम करते. मला वाटायचं, बाबांचं माझ्याकडे लक्षच नाही. त्यांना केव्हापासून माहीत आहे?"

"तूच विचार ना त्यांना," मी म्हटलं.

तिनं विचारलं असावं. कारण संध्याकाळी मी खाली कचरा टाकून जिन्यानं वर आले तेव्हा काकांचं दार उघडं होतं, आणि ते आत पाठमोरे बसून फोनवर बोलत होते. मी दुपारी झोपायच्या आधी त्यांना 'जेवली का, ठेवतो' म्हणताना ऐकलं होतं. आता मात्र ठेवायचं नाव नव्हतं. सागवान घ्यायचं की आंब्याचं लाकूड चालेल, असं काहीतरी ती विचारत होती. काकांना त्यातलं काहीही कळत नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असणार.

"थांब, मी पाहतो, मी माहिती काढतो," काका म्हणत होते. मग हळू आवाजात, "अन् प्रणाली, मले विचारत जा वं. लाकडाचंच नाही. कायबी विचारत जा."